तुम्ही विचारलंत म्हणून: चांगलं लाकूड सडवता कशाला?

मी लेथवर लाकूड फिरवून बाऊल घडवतो. लोक बाऊल हातात घेतात, त्यावरच्या काळ्या रेषा पेनाने काढल्यात का ते नखाने खरवडून बघतात, आणि मग ठरलेला प्रश्न. एवढं चांगलं लाकूड मुद्दाम सडवता कशाला? इतके दिवस हसून वेळ मारून नेली, आता एकदाचं लिहूनच टाकतो.

तर हो, सडवतोच. पूर्वी मी असं म्हणायचो नाही, ‘निसर्गाची नक्षी’ वगैरे बोलायचो, ऐकायला बरं वाटतं आणि बाऊलही खपतो. पण होतं काय तर ओल्या लाकडात बुरशी शिरते, लाकूड खाते, फिकट करत जाते, आणि दुसरी बुरशी समोर आली की दोघी आपापली हद्द आखून घेतात. ती हद्द म्हणजे ती काळी रेष. तीही रेष म्हणायला, लाकडाच्या आत तो पातळ पडदा असतो, त्यामुळे लेथवर अजून एक हात फिरवला की रेष सरकते, कधी एकाच्या दोन होतात, कधी गायबच. म्हणजे मी काहीच करत नाही असं नाही हां, कुठे थांबायचं ते मीच ठरवतो. (हे मी जरा जास्तच वेळा सांगतो, माहितीये.)

आणि हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. १५व्या शतकात इटलीतले कारागीर लाकडी जडावकामात हिरवा रंग हवा असला की बुरशीने निळंहिरवं झालेलं लाकूड बसवायचे. त्यांना कुणी विचारलं असेल का, कशाला म्हणून?

दुसरा प्रश्न, त्यात घालता काय. कुणी बिअर ओता सांगतं, कुणी खत. लागते ती ओल, ऊब आणि थोडी हवा. मेपल, बर्च, बीच, आंबा असलं फिकट लाकूड ओलं असतानाच जाडसर बाऊल घडवायचा आणि कुजक्या पानांसोबत पिशवीत ठेवायचा, तोंड गच्च न आवळता. पाण्यात बुडवून ठेवलंत तर हवाच नाही, काही होणार नाही. ओल २० टक्क्यांखाली गेली की बुरशी थांबते. किती महिने ते विचारू नका, उघडून बघत राहायचं. उशीर झाला तर लाकूड भुसभुशीत होतं, गाऊज (लेथवरची खोलगट पटाशी) लावला की लाकडाचे तंतू उपटून येतात, मग पातळ सुपरग्लू पाजत बसा आणि त्याचे डाग पॉलिशपेपरने घासत बसा.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. ओळखीच्या एका ताईंच्या घरामागचं आंब्याचं झाड पडलं, त्यांच्या वडिलांनी लावलेलं. आठवण म्हणून बाऊल करून द्या म्हणाल्या. मी तेव्हाच सांगितलं होतं की अर्धा ओंडका साधा सुकवतो, अर्ध्याला बुरशी लावतो, बघा कोणता आवडतो. चालेल म्हणाल्या. बुरशीचा बाऊल असा उतरला की काय सांगू, काठावरून निघालेली रेष तळाला वळसा घालून परत वर येत होती, मधे लाकूड जवळजवळ पांढरं पडलेलं आणि तरीही टणक. माझ्या हातून इतका चांगला दुसरा झालेला नाही, आजही नाही. साधा बाऊल आपला साधाच, त्यात मी जीवही फारसा ओतला नव्हता.

दोन्ही समोर ठेवले. ताईंनी माझ्या लाडक्याकडे बघितलं, छान आहे म्हणाल्या, आणि साधा उचलला. विचार वगैरे काही नाही. मी न राहवून विचारलं, हा का नको? तर म्हणाल्या, “अहो, हे आमचं झाड दिसतं. त्यात आमचं झाड कुठे दिसतंय?”

मी वाद घातला, खोटं कशाला बोलू. झाड पडून राहिलं असतं तरी हेच झालं असतं ना, बुरशी काय मी बनवली? त्या हो हो म्हणाल्या आणि साधा बाऊल घेऊन गेल्या. रात्रभर मी स्वतःशीच भांडत होतो. ‘लाकूडच बोलतं, मी फक्त ऐकतो’ हेही माझंच जुनं वाक्य, मग यात लाकूड बोललं की बुरशी की माझी हौस? अजूनही मला वाटतं ताईंनी कमी प्रतीचा बाऊल नेला. आणि अजूनही वाटतं की त्यांना कळलेलं मला कळलं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, त्याला मी काय करू.

आणि ही बुरशी खाल्ली तर, विचारणाऱ्यांसाठी: सुकवून वर फिनिश दिलेल्या बाऊलमधली बुरशी वाढत नाही. धूळ मात्र वाईट, पण ती बुरशी नसलेल्या लाकडाचीही वाईटच, मास्क लावा.

त्या ओंडक्याचा एक तुकडा अजून माझ्याकडे आहे, टोकांना मेण लावलेला, आत ओल असणार. फार सुकायच्या आत पिशवीत जायला हवा, नाहीतर राहिलं. परवा ताईंना फोन करून विचारलंच, काय करू त्याचं? म्हणाल्या, “तुम्हाला हवं ते करा की.” नेमकं हेच उत्तर मला नको होतं.