वाचता येत नाही, मग सेन्सर कशाला?

"बाबांना अक्षरओळख नाही, त्यांना तो सेन्सर लावून काय फायदा?" हा प्रश्न मला पेशंटपेक्षा त्यांची पुण्या-नागपुरातली मुलंच जास्त विचारतात. आमचा दवाखाना यवतमाळकडच्या तालुक्याच्या गावी. शुगरच्या पेशंटना इन्सुलिन, जेवण, पायांची काळजी शिकवणं हे माझं काम; आता दंडावर चिकटवलेला, सतत शुगर मोजणारा हा सेन्सरही त्यात आला.

फायदा होतो, कारण त्यात वाचायचं फार नसतंच. बघायचा असतो आकड्याशेजारचा बाण, शुगर चढतेय की उतरतेय ते सांगणारा. आकडा 110 आणि बाण आडवा, तर निवांत शेतात जा. तोच 110, पण बाण सरळ खाली, म्हणजे शुगर मिनिटाला 2 पेक्षा जास्त वेगानं उतरतेय. पंधरा मिनिटांत 80 च्या आत येईल. मग फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी काहीतरी खाऊन घ्यायचं. ज्याला नोटा मोजता येतात त्याला एवढं नक्की जमतं.

अवघड जातं ते थांबणं. सेन्सरची बारीक तार रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजते. म्हणून आकडा काही मिनिटं मागे असतो. एका आजींना दुपारी घाम फुटला, आकडा 62. तीन चमचे साखर पाण्यातून घेतली, आकडा हलेना. मग पुन्हा साखर, वर गुळाचा खडा, नातवाची बिस्किटं. संध्याकाळी 290! तेव्हा साखर घेतली की पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघायचं आणि खात्री बोटातल्या थेंबावर करायची. रात्री सेन्सरच्याच कुशीवर झोपून तो दाबला गेला, तरी आकडा खोटाच खाली जातो आणि गजरानं अख्खं घर जागं होतं.

जेवणाचं मात्र मी जवळजवळ काहीच सांगत नाही. "ज्वारीची भाकर तं चालते ना शुगरले?" म्हणून तीन-तीन भाकरी खाणारे एक काका होते. मी फक्त दुपारचा चढ दाखवला आणि ताटात काय होतं ते काकूंना विचारलं. पुढच्या खेपेला तेच म्हणाले, "काल दोनच खाल्ल्या, वरन जास्त घेतलं, पा बरं कसं आलं." हे माझ्या दहा व्याख्यानांनी झालं नसतं.

आमच्याकडे सेन्सर लावायचं आणखी एक कारण आहे. विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. त्यात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणी खरी असते त्यापेक्षा कमी दिसू शकते. अशा पेशंटच्या बाबतीत सेन्सरवर जास्त भरवसा ठेवता येतो.

सगळ्यांना लावा असं मी म्हणत नाही. एक सेन्सर साधारण 14 दिवसांत संपतो, स्वस्त नाही, आणि मे महिन्यातल्या घामानं कधी त्याआधीच गळून पडतो. फक्त गोळ्यांवर असलेल्याला अधूनमधून एखादा पुरे. इन्सुलिनवाले, त्यातही रात्री शुगर उतरणारे, यांचा नंबर आधी.

आणि आता तुमच्याबद्दल, म्हणजे शहरातल्या मुलांबद्दल. बाबांचा आकडा तुमच्या मोबाइलवर दिसायला लागला की दर जेवणानंतर फोन सुरू होतो: "काय खाल्लं? 210 कसं झालं?" आठवड्यात बाबा सेन्सर उपटून टाकतात, मी असते तर मीही टाकला असता. जेवणानंतर शुगर सगळ्यांचीच चढते. 70 ते 180 च्या पट्ट्यात दिवसाचा 70 टक्के वेळ हवा हे खरं, पण थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला निम्माही चालतो. तेव्हा आकडा 70 च्या खाली गेला तर लगेच फोन करा. बाकीचं त्यांना आणि मला बघू द्या.