शुक्रवार पेठेतली संध्याकाळ

आज संध्याकाळी कोल्हापुरात लक्ष्मीसेन जैन मठाच्या बाजूनं शुक्रवार पेठेत गेलो होतो. दिगंबर जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व चालू आहे. भाद्रपद शुद्ध पंचमी ते अनंत चतुर्दशी, म्हणजे गणपतीचेच दिवस. एकीकडं मंडळाचा स्पीकर, दुसरीकडं मठाकडं निघालेल्या पांढऱ्या साड्या.

एका जैन मित्राच्या घरी ऊन असतानाच ताटं वाढली होती. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. पाणी गाळायला नळाला चारपदरी पांढरं फडकं बांधलेलं. काकूंनी बिनकांदा-लसणाची मुगाची उसळ आग्रहानं वाढली. तांबड्या रश्श्यावर वाढलेला मी, पण दुसऱ्यांदा मागून घेतली!

आपल्याकडचे बरेचसे जैन पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे, घरात मराठी बोलणारे, आडनावानं पाटील, चौगुले, मगदूम. त्यांना बाहेरून आलेले व्यापारी समजणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. शाहू महाराजांच्या काळात, 1901 साली, इथं जैन बोर्डिंग, म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह, उभं राहिलं आणि 1906 ला मुस्लिम बोर्डिंग. खेड्यातली पोरं त्यामुळं शिकली. काकूंचे सासरेही बोर्डिंगातच राहून शिकलेले, हे आजच कळलं. पुढच्या रविवारी सासऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायला जाणार आहे. कुणाच्या घरी बोर्डिंगचे जुने फोटो असतील तर जरूर कळवा.