आमची वाटचाल : आंब्याचा हंगाम आणि दहा जीबी

२०१० साली आम्ही दोघा भावांनी रत्नागिरीत वेबसाइट बनवण्याचं काम सुरू केलं. पहिली गिऱ्हाइकं म्हणजे आंबा बागायतदार. होस्टिंगही, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा, आम्हीच द्यायचो. एका कंपनीकडून रिसेलर खातं, म्हणजे घाऊक जागा घेऊन पुढे विकायची सोय, घ्यायचं आणि महिन्याला १० जीबी डेटा ट्रान्सफर प्रत्येकाला वाटून द्यायचा. एवढा कुणाला पुरणार नाही, असं मनातही आलं नव्हतं.

२०१२ ची अक्षय्य तृतीया २४ एप्रिलला होती. २० तारखेला सकाळीच एका काकांचा फोन आला, "अरे, पेट्या भरून तयार आहेत आणि मुंबईचं गिऱ्हाईक म्हणतंय, साइट उघडतच नाही." बघतो तर पांढऱ्या पानावर एरर ५०९, 'बँडविड्थ लिमिट एक्सिडेड', म्हणजे बँडविड्थची मर्यादा ओलांडली. लिमिट पुन्हा सुरू होणार १ मे रोजी. ऐन हंगामातले दहा दिवस!

त्या पाटीवरच्या शब्दानं आमचा अर्धा दिवस खाल्ला. आम्ही सर्व्हरचा वेग तपासत बसलो, आणि वेग तर छान होता. बँडविड्थ म्हणजे एका क्षणाला किती डेटा जाऊ शकतो ते. पोफळीच्या बागेतल्या पाटाची रुंदी म्हणा. डेटा ट्रान्सफर म्हणजे महिनाभरात त्या पाटातून एकूण किती पाणी गेलं ते. होस्टिंगच्या धंद्यात दुसऱ्याला सर्रास पहिल्याचं नाव देतात. १ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिटचा, बारीकसा पाट ३० दिवस अखंड वाहिला, तरी ३२४ जीबी जातात. आमचं माप होतं १०.

मग हिशेब मांडला. काकांनी कॅमेऱ्यातून काढलेले फोटो आम्ही जसेच्या तसे चढवले होते. पहिलं पान ६ एमबीचं. म्हणजे १० जीबीत ते साधारण सतराशे वेळा उघडणार, की संपलं. लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, चाळले तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. दुसऱ्याच एका साइटनं काकांच्या आंब्याच्या फोटोची थेट लिंक आपल्या पानावर लावली होती. पान त्यांचं उघडायचं, डेटा काकांच्या खात्यातून जायचा. शिवाय त्याच खात्यावरून येणारे-जाणारे ईमेलही याच मापात मोजले जात होते.

दुपारी आम्ही स्वतःच्या पैशानं जादा ट्रान्सफर घेऊन साइट सुरू केली. चूक आमची होती, काकांकडून पैसे कसे मागणार? रात्री जागून सगळे फोटो लहान केले आणि बाहेरच्या साइटना फोटो मिळणं बंद केलं. पान ६०० केबीवर आलं. त्याच १० जीबीत आता सतरा हजार वेळा उघडलं असतं. जीझिपही, म्हणजे पाठवण्याआधी डेटा दाबून लहान करणं, चालू केलं, पण त्याचा फायदा मजकुराला. जेपेग फोटो आधीच दाबलेला असतो, तो त्यानं फारसा लहान होत नाही.

पुढे 'अनलिमिटेड' प्लॅन घेतला आणि निश्चिंत झालो. दुसऱ्याच हंगामात एरर ५०८ दिसला, 'रिसोर्स लिमिट इज रीच्ड', म्हणजे सर्व्हरच्या वापराची मर्यादा गाठली. डेटाला मर्यादा नव्हती, पण प्रोसेसरचा वापर, मेमरी आणि एका वेळी चालणारी कामं यांना होती. ते सगळं अटींच्या पानावर लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. तेव्हापासून अनलिमिटेड हा शब्द आम्ही आमच्या कोटेशनमध्ये लिहीत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गिऱ्हाईक मोबाइलवरून बागेचे व्हिडिओ बघू लागलं. व्हिडिओ आम्ही यूट्यूबवर हलवले, फोटो सीडीएनमागे, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर प्रती ठेवून तिथून फोटो देणाऱ्या सेवेमागे, ठेवले आणि स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरमधला फक्त आमच्यासाठीचा वेगळा हिस्सा, घेतला.

आता गुढीपाडव्याच्या आधी प्रत्येक बागायतदाराचे गेल्या हंगामाचे आकडे काढतो. सर्वांत गर्दीचा दिवस कोणता, त्या दिवशी पान किती वेळा उघडलं, पानाचं वजन किती. कोटेशनवर जीबीच्या शेजारी 'पान इतक्या वेळा उघडेल' हा आकडा असतो. काका अजून आमच्याकडेच आहेत. नवे फोटो पाठवले की पाठोपाठ त्यांचा फोन येतो, "बारीक केलेस ना रे?"