गुहागरची पडवी आणि दुपारचा वारा

उन्हामुळे जमावबंदी लागल्याचं कधी ऐकलंय? २०२४ च्या मे अखेरीस आमच्या अकोल्यात लागली. पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत १४४ कलम लावलं. त्याच आठवड्यात आई, माझी लेक आणि मी गुहागरला होतो. बाबा काही केल्या घर सोडायला तयार झाले नाहीत.

प्रवासाचं विशेष सांगण्यासारखं नाही. रात्रीची गाडी, पनवेलला बदल, मग चिपळूण आणि तिथून एसटी. व्याडेश्वराचं दर्शन झालं, हेदवीचा दशभुज गणेश आणि बामणघळ पाहिली. सगळं छानच होतं, पण मला लिहायचंय ते दुपारींबद्दल.

आमचा मुक्काम सुरूच्या बनालगतच्या एका जांभ्याच्या कौलारू घरात होता. पहिल्या सकाळी मी वैतागलेच. पारा असेल ३३-३४, पण घाम अंगावरून हटेना. वऱ्हाडात घाम येतो कधी आणि वाळतो कधी कळत नाही, इथे तो चिकटूनच बसतो. आईने घरच्या काकूंना विचारलं, "कूलर नाही का हो?" काकू म्हणाल्या, "इथे हवाच ओली, कूलर काय करणार? आत कशाला बसताय, पडवीत या. आता सुटेल वारा."

साडेअकराच्या सुमारास सुटला. आधी माडाच्या झावळ्यांची टोकं हलली, मग दोरीवरची लुगडी सगळी एकाच दिशेला, गावाकडे तोंड करून फडफडायला लागली. शाळेत भूगोलात पाठ केलेले खारे वारे ते हेच. जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला धावून येते. घाम वाळला, अंग हलकं झालं. अकोल्यात दुपारी वारा सुटला की आपण दारं-खिडक्या गच्च लावून घेतो, कारण ती झळ असते. इथे काकूंनी उठून उरलेली दोन्ही दारं सताड उघडली. मला ते बघूनच भरून आलं.

त्या स्वतः आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या कामात होत्या. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालं वेगळी केलेली, ती मिठाच्या रसात बुडवायची, पिळून खळ्यात उन्हात पसरायची, वाळली की पुन्हा रसात. असं पुन्हा पुन्हा केल्यावर आमसुलं काळीभोर होतात. त्यांचे हात मनगटापर्यंत लालजांभळे झाले होते. लेक शेजारी बसून बिया बाजूला काढत होती. आणि आई चटईवर झोपली होती, पंख्याशिवाय. घरी गच्चीची फरशी मध्यरात्रीपर्यंत तापलेली, खाली कूलरची घरघर. महिनाभर तिला धड झोप नव्हती. तिला उठवावंसं वाटेना, जेवण थांबलं तर थांबलं.

बाबांना फोन केला. "अठी तं नुसती आग बरसून राह्यली," एवढंच म्हणाले. पुढे मला काही बोलवेना.

आता तक्रार. शेजारीच एक नवं लॉज उभं राहिलंय. समुद्राकडच्या बाजूला न उघडणाऱ्या काचा आणि प्रत्येक खोलीला एसी. त्या यंत्रांची गरम हवा थेट वाऱ्याच्या वाटेत सोडलेली. एका दुपारी वीज गेली आणि तिथली माणसं घामाघूम होऊन काकूंच्या पडवीत येऊन बसली. काकूंनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं. त्यांचं म्हणणं, पाहुणेच एसी मागतात, मालक तरी काय करणार? मला हे पटत नाही. एवढा लांबचा प्रवास करून समुद्राशी यायचं आणि त्याचा वारा काचेबाहेर ठेवायचा, हे आपण पाहुण्यांनीच मागणं थांबवलं पाहिजे. ज्यांच्याकडे झळा येतात त्या आपल्या लोकांनी तर नक्कीच.

हल्ली कोकणात खोली ठरवताना मी फोनवर दोनच गोष्टी विचारते: पश्चिमेची खिडकी उघडते का, आणि पडवीत दुपारी पडायला मिळेल का? नाही म्हणाले तर दुसरं घर बघते. गुहागरात अजून तरी अशी घरं मिळतात, आणि पुढच्या मे महिन्यासाठी काकूंना मी चार माणसं सांगून ठेवली आहेत.