‘नाही’चा बाण कुठे जातो?

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात शिरलं की उजव्या हाताला भिंतीवर एक काळा फळा दिसतो. त्यावर खडूने काढलेले गोल, चौकोन, शंकरपाळ्या आणि त्यांना जोडणारे बाण. पहिल्यांदा आलेला व्यापारी हमखास विचारतो, "वहिनी, इथं शाळा पण चालवता काय?" मी हो म्हणते. शिकायला आम्हीच बसलोय, एवढंच सांगत नाही.

धंदा मूळचा आमच्या सासऱ्यांचा. त्यांना सगळी पेठ आण्णा म्हणते, मीही आण्णाच म्हणते. गणपती पेठेत त्यांचा डंक होता. लोक घरची मिरची, हळद, मसाला घेऊन यायचे आणि कुटून न्यायचे. मग आण्णांनी मार्केट यार्डातल्या सौद्यातून स्वतः हळद घ्यायला सुरुवात केली, दळून किलोच्या पिशव्या भरल्या आणि सांगली, मिरज, जयसिंगपूरच्या किराणा दुकानांत द्यायला लागले. मी लग्न होऊन आले तेव्हा हिशेब लाल कापडी बहीत आणि बाकी सगळा कारखाना आण्णांच्या डोक्यात, अशी व्यवस्था होती. मी बी. कॉम. त्यामुळे बही माझ्याकडे आली. डोकं कुणाकडे जाणार, हा प्रश्न तेव्हा कुणी काढला नाही.

२००५च्या पुरात पेठेत पाणी आलं होतं, पण निभावलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पोती माळ्यावर चढवली होती, माळ्यालाही पाणी लागलं. भिजलेली हळद फुगते, आंबते, आणि तो वास महिनाभर भिंतीतून जात नाही. बहीचा लगदा झाला. लिहिलेलं होतं तेवढं सगळं वाहून गेलं आणि न लिहिलेलं आण्णांच्या डोक्यात कोरडं राहिलं. त्या वेळी मला त्याचा आधार वाटला. भीती नंतर वाटली.

पुरानंतर पेठेत परत बसायचं नाही असं ठरलं. कुपवाडला भाड्यानं गाळा घेतला, कर्ज काढून नवा पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं मशीन, बसवला. मिरजेचे चाचा डंकापासूनचे, तेही आले. हप्ता भरायचा तर पाच-दहा दुकानांवर भागणार नव्हतं. पुण्याच्या एका मोठ्या खरेदीदारानं माल पसंत केला आणि वर म्हणाला, अन्नसुरक्षेची कागदपत्रं द्या, त्यात प्रक्रियेचा फ्लोचार्ट पाहिजे.

आम्ही एक सल्लागार गाठला. त्यांनी आठ दिवसांत जाडजूड फाइल दिली, आत रंगीत फ्लोचार्ट. मी लॅमिनेशन करून ऑफिसात लावला. खरेदीदाराकडून तपासणीला बाई आल्या, चष्मा वर करून चार्ट वाचला आणि मला विचारलं, "ताई, हळदीला देठ कुठं असतात हो?" तिसऱ्या चौकटीत स्वच्छ लिहिलं होतं: देठ काढणे. कुठल्या तरी मिरचीच्या कारखान्याचा चार्ट होता, फक्त वरचं नाव बदललेलं. पैसे आम्ही मोजले होते आणि लाज वाटायची पाळीही आमचीच. खरा दोष माझा. तो कागद मी महिनाभर रोज बघत होते, वाचला एकदाही नव्हता.

त्या बाई चांगल्या होत्या. जाताना म्हणाल्या, अन्नसुरक्षेच्या ज्या पद्धतीला हॅसॅप म्हणतात, तिच्या बारा पायऱ्या आहेत. चौथी पायरी फ्लोचार्ट काढायची आणि पाचवी तो हातात घेऊन जागेवर जाऊन ताडून बघायची. "लोक चौथीवरून थेट सहावीला उडी मारतात," म्हणाल्या.

पुतण्या तेव्हा वालचंदला इंजिनिअरिंगला होता. रविवारी आला, देठांची गोष्ट ऐकून पोट धरून हसला आणि मग पाच खुणा शिकवून गेला. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवरा-बायकोनं १९२१मध्ये तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढं कामाचा असा नकाशा मांडला. पुढं १९४७मध्ये त्या संस्थेनं पाच खुणा पक्क्या केल्या. गोल म्हणजे मालावर काही तरी काम होतंय. बाण म्हणजे माल हलतोय. चौकोन म्हणजे तपासणी. उलटा त्रिकोण म्हणजे साठवण. आणि इंग्रजी डी अक्षरासारखी खूण म्हणजे माल नुसता खोळंबलाय. चाचांनी त्या डीला पहिल्या दिवशीच ‘अर्धी भाकरी’ नाव दिलं, आजही तेच चालतं. नवरा-बायको मिळून कारखान्यात फिरायचे, हे मला फार आवडलं. आमचे हे ड्रायव्हिंग आणि वसुली बघतात, त्यांना हे मी दोनदा ऐकवलं.

मंगळवारी टेम्पोतून माल उतरला. त्यातल्या एका पोत्याला मी मुलीच्या वेणीची लाल रिबीन बांधली आणि वही घेऊन त्या लॉटच्या मागे फिरायला लागले. वजन, थप्पी, चाळून खडे-माती काढणं, हळकुंडं फोडणं, पल्व्हरायझर, चाळणी, चुंबक, पॅकिंग, खोकी, गाडी. कुणी मला विचारलं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं, दहा कामं. शनिवारी गाडी गेली तेव्हा वहीत ४१ खुणा झाल्या होत्या. गोल ८, बाण १४, चौकोन ३, उलटे त्रिकोण ५, आणि अर्ध्या भाकऱ्या ११.

आण्णांना दाखवलं. ते म्हणाले, "सूनबाई, एवढं फिरलीस त्यापेक्षा दोन पोती दळून झाली असती." मग बराच वेळ वही खाली ठेवली नाही. चौदा बाणांतल्या चार ठिकाणी एकच पोतं आधी आत नेलं होतं आणि मग बाहेर आणलं होतं, कारण वजनकाटा जुन्या गाळ्यात जसा दाराच्या डावीकडे होता तसाच इथंही डावीकडे ठेवला होता. इथली थप्पी उजवीकडे आहे. काटा हलवायला दोन हमालांना दहा मिनिटं लागली. दोन वर्षं आम्ही तसंच ओढत होतो.

पण खरी गोष्ट काट्याची नाही. पुतण्यानं पुढच्या खेपेला निर्णयाची खूण सांगितली: शंकरपाळी. तिच्यात प्रश्न लिहायचा आणि तिच्यातून दोन बाण काढायचे, एक ‘हो’चा, एक ‘नाही’चा. फळा तेव्हाच आणला. मी आणि चाचांनी बसून प्रश्न लिहिले. पावडर बारीक आली? गुठळी नाही ना? पिशवीचं वजन बरोबर? ‘हो’चे बाण भराभर निघाले, सगळे सरळ खाली, गाडीपर्यंत. ‘नाही’चे बाण काढताना खडू थांबला.

"चाचा, गुठळ्या निघाल्या तर ते पोतं कुठं ठेवता?"

"जिन्याखाली, वहिनी."

"आणि चाळणीवरची जाड भरड?"

"ती पण जिन्याखालीच."

"तिथनं पुढं?"

चाचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. आम्ही दोघं उठून जिन्याखाली गेलो. सात पोती होती. एकावरही चिठ्ठी नाही. कुठल्या लॉटचं, का काढलेलं, कधीचं, काहीच माहीत नाही. आणि मला एकदम आठवलं, दिवाळीच्या तोंडावर एका गिऱ्हाइकाकडून माल परत आला होता, पावडरीत गुठळ्या म्हणून. आम्ही त्यांना म्हणालो होतो, तुमच्याकडे ओल असेल. ओल आमच्या जिन्याखाली होती. गर्दीच्या रात्री नव्या पोरानं चांगला माल समजून तिथलंच पोतं पॅकिंगला ओतलं असणार.

गुठळ्या का होतात तेही मग फळ्यावरच सापडलं. पल्व्हरायझरमधून पावडर गरम येते, हात लावला तर चटका नाही पण चांगली कोमट. तशीच पिशवीत बंद केली की आतल्या आत घाम सुटतो आणि गुठळी धरते. आण्णांच्या डंकात पावडर परातीत पसरून ठेवायची सवय होती. ते ‘गार करणे’ असं कुणी म्हणत नव्हतं, दुपारचा चहा व्हायचा तोवर ती आपोआप गार व्हायची. कुपवाडला मशीन वेगवान आलं, परात गेली, आणि परातीबरोबर एक अख्खी पायरी गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती पायरी कधी लिहिलेलीच नव्हती. आता फळ्यावर तिथं एक मुद्दाम काढलेली अर्धी भाकरी आहे. सगळे खोळंबे वाईट नसतात, हे पुतण्यालाही त्याच्या पुस्तकात पटकन सापडलं नसतं.

दुसरं जे सापडलं त्यानं माझी झोप उडाली. हळदीत भेसळ म्हटली की पहिलं नाव येतं लेड क्रोमेटचं. पिवळाधमक रंग, आणि त्यात शिसं. आम्ही घालत नाही, पण सौद्यात आलेल्या मालाला कुणी वाटेत रंग मारला असेल तर? म्हणून नमुना प्रयोगशाळेत जातोच. आमच्या नकाशात हा चौकोन पॅकिंगच्या नंतर होता आणि त्याच्यापुढं अहवालाची वाट बघायची खूणच नव्हती. म्हणजे नमुना लॅबला निघायचा आणि माल पुण्याला निघायचा, दोघं एकाच दिवशी. अहवाल यायचा तेव्हा हळद कुणाच्या तरी भाजीत पडलेली असायची. अहवाल नेहमी चांगला आला, हे आमचं नशीब. फाइलला लावताना मी प्रत्येक वेळी खूश व्हायचे.

मी चौकोन वर सरकवला: नमुना अख्ख्या हळकुंडाचा, दळायच्या आधी. आणि पावडरीचा दुसरा, त्याच्यापुढं उलटा त्रिकोण, म्हणजे अहवाल येईपर्यंत माल हलणार नाही. यावर घरात वाद झाला. आण्णा म्हणाले, "चार दिवस माल अडकला म्हणजे चार दिवस व्याज अडकलं. तू बँकेला हा त्रिकोण दाखवणार काय?" ह्यांचंही तेच. मी ऐकलं नाही. पहिले दोन महिने पैशाची ओढाताण झाली हे खरंय. मग खरेदीदारालाच अहवालाची तारीख कळवायला लागलो, त्यानं ऑर्डरी आधी द्यायला सुरुवात केली, आणि गाडी रुळावर आली. ‘अहवाल ठीक?’ या शंकरपाळीचा ‘नाही’चा बाण आता लाल खडूनं काढलाय आणि तो जाळीच्या कुलूपबंद कप्प्यात जातो. किल्ली माझ्याकडे.

जिन्याखाली सध्या सायकली असतात.

पुढं एकदा आम्ही सऱ्याही पाडल्या. इंग्रजीत या नकाशाला पोहण्याच्या तलावातल्या पट्ट्यांचं नाव आहे, पण आमच्याकडे उसाच्या सऱ्या सगळ्यांना कळतात. फळ्यावर उभ्या रेघा: आण्णा, चाचा, पॅकिंगच्या मावश्या, ऑफिस, ड्रायव्हर. ज्याचं काम त्याच्या सरीत. पाणी देताना दारं मोडायला लक्ष ठेवावं लागतं, पाणी फुटतं तिथंच. तसंच झालं. काम जिथं एका सरीतून दुसरीत जात होतं, तिथंच घोळ. ऑर्डर मला व्हॉट्सॲपवर यायची, मी चाचांना तोंडी सांगायचे, चाचा मावशींना हातानं खुणवायचे, कारण मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. दोन बोटं म्हणजे दोनशे ग्रॅमच्या पिशव्या. एका मावशींनी दोन बोटांचा अर्थ दोन खोकी असा घेतला, यात त्यांचं काय चुकलं? आता चिठ्ठी जाते.

सगळंच जमलं असं नाही. पुतण्याला पुण्यात नोकरी लागली, तिथं तो बीपीएमएन नावाची पद्धत शिकला. संगणकावर काढायची, तिचे नियम आंतरराष्ट्रीय, खुणांचा मोठा कोशच आहे. त्यानं प्रेमानं आमचा अख्खा धंदा तिच्यात बसवला, ६२ चौकटी, आणि सहा फुटी फ्लेक्स छापून आणला. आम्ही नारळ फोडून लावला. मावश्या त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढायच्या. वाचला कुणीच नाही. तीन महिन्यांत वजनकाट्याची जागा पुन्हा बदलली आणि फ्लेक्स खोटा ठरला, त्यावर खडूनं काही पुसता येईना. जूनमध्ये पोत्यांवर झाकायला तो चांगला उपयोगी पडला. त्याला अजून सांगितलेलं नाही. मोठ्या कंपनीत, जिथं पाच खात्यांची माणसं एकमेकांची तोंडं बघत नाहीत, तिथं तसा नकाशा लागत असेल. आम्हाला फळा पुरतो, कारण फळा चूक झाली की पुसता येतो आणि पुसणाऱ्याचे हात खडूचे होतात, सगळ्यांना दिसतं.

एक गोल मात्र फळ्यावर अजून तसाच आहे, सगळ्यात वरचा: ‘आण्णा माल बघतात.’ त्याच्या पुढची प्रत्येक गोष्ट फोडून लिहिली, हाच गोल फुटत नाही. मागच्या हंगामात मी वही घेऊन सौद्याला त्यांच्याबरोबर गेले. आण्णांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातलं हळकुंड काढलं आणि कानाजवळ धरून मोडलं. कट्. वाळलेल्या हळकुंडाचा आवाज खणखणीत येतो, ओलं असलं तर नुसतं दबतं. मग मोडलेल्या जागचा रंग उन्हाकडं धरून बघितला, वास घेतला, दाताखाली कण धरला. मी लिहीत होते: आवाज, रंग, वास, चव. चार चौकटी झाल्या. पुढच्या पोत्यावर चारही गोष्टी चांगल्या होत्या, मला तरी तसं वाटलं. आण्णांनी हळकुंड परत टाकलं आणि पुढं चालायला लागले.

"आण्णा, हे का नको?"

"नको वाटतंय."

मी पाचवी चौकट काढली आणि रिकामी ठेवली. हे फेब्रुवारीतलं. आता पुन्हा सौदे सुरू होतील. आण्णा ७४ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, तरी मार्केट यार्डात मला मागे टाकतात. या वर्षी त्यांनी एका हाताला हळकुंड मोडायचं आणि मीही त्याच पोत्यातलं मोडायचं, असं ठरलंय. बोलायचं त्यांनी नंतर, आधी मी.