झीलकऱ्याशेजारी

दुपारी लांबून कुठूनतरी लाउडस्पीकरवरचा पोवाडा ऐकू येतो. शब्द कळत नाहीत, डफाची थाप वाऱ्याबरोबर मागेपुढे होते, पण एक आवाज सलग पोचतो. तुणतुण्याचा. बारीक, जरासा किरटा, न दमणारा. लोकगीतं शिकायला निघालेला हौशी माणूस नेमकं याच आवाजाकडे दुर्लक्ष करतो. त्याला शाहिरासारखं गायचं असतं, नाहीतर ढोलकी शिकायची असते. तुणतुण्यात काय शिकायचं? एकच तर तार!

तारेपासूनच सुरुवात करू. वीतभर उंचीचं, आतून पोकळ लाकडी नळकांडं. वरचं तोंड उघडं, खालचं कातड्याने मढवलेलं. नळकांड्याला बाहेरून दोन-अडीच फुटांची काठी ठोकलेली आणि काठीच्या वरच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मधोमध बारीक भोक पाडून तार आत घ्यायची, पोकळीतून वर काढायची आणि खुंटीला गुंडाळायची. झालं तुणतुणं. बिघडण्याच्या जागा मात्र या चार ओळींत भरपूर आहेत.

पहिली जागा ते भोक. तार नुसती गाठ मारून सोडली, तर ताण पडल्यावर गाठ कातडं कुरतडत वर येते आणि ऐन रंगात फट्‌कन सुटते. म्हणून कातड्याच्या खालच्या बाजूला जाड चामड्याची चकती किंवा बटण ठेवायचं आणि गाठ त्याच्याखाली घ्यायची. दुसरी जागा खुंटी. ती लाकडात लाकूड असल्यामुळे घसरते. खडूची पूड लावली की धरते. फार लावली तर जागच्या जागी अडकून बसते आणि मग सूर केसभर चढवायला गेलं की टुणकन दोन सूर वर. तिसरी जागा काठी. तार ताणली की काठी थोडी वाकते, कातडंही थोडं वर ओढलं जातं, आणि लावलेला सूर पाच मिनिटांत उतरतो. त्यामुळे तुणतुणं एकदा लावून भागत नाही. लावायचं, थोडं वाजवायचं, पुन्हा लावायचं. तिसऱ्यांदा ते ऐकतं.

आणि तार तुटली म्हणून जाड तार आणायला धावू नये. एका लांबीची पोलादी तार, बारीक असो की जाड, तुटायची ती साधारण एकाच सुरापाशी तुटते. जाड तारेत बळ जास्त, पण त्याच सुराला ती ताणही तितकाच जास्त मागते. उंच सूर हवा असेल तर काठी आखूड हवी. लोकगायकांचा आवाज बहुधा चढा असतो, पेटीवरच्या काळी चार-काळी पाचच्या पट्टीतला, आणि लांब काठीचं तुणतुणं तिथवर ताणायचं म्हणजे तारेचा अंत पाहणं. तिथे सरळ खालच्या षड्जावर लावावं. गाणाऱ्याला आधार तेवढाच मिळतो आणि तारही शाबूत राहते.

वाजवायचं हातातल्या छोट्या लाकडी कपचीने. मनगटातून. कोपरातून वाजवणारा पहिल्या अर्ध्या तासातच ओळखू येतो, कारण त्याची लय सैल पडू लागते. गोंधळ रात्रभर चालतो. आधी चौक भरायचा, मग तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा अशा एकेका दैवताला गोंधळाला या म्हणून बोलावायचं, मग गण, मग कथा, आणि शेवटी आरती. संबळवाल्याला मधे थांबता येतं, नाईकाचा, म्हणजे मुख्य गोंधळ्याचा, साथीदार विनोद करत असतो तेव्हा गाणाराही दम घेतो. तुणतुणंवाला मात्र गाणं चालू आहे तोवर सुटत नाही.

तंबोऱ्याचं ॲप लावून लोकगीतांची तालीम करणारे पुष्कळ भेटतात. तंबोऱ्याशी भांडण नाही. पण तो सूर देतो, ठोका देत नाही. तुणतुणं एकाच घावात दोन्ही देतं. केहरवा तालाच्या आठ मात्रा ते सरळ मोजत बसत नाही. कुठे दुप्पट करतं, कुठे एक घाव मुद्दाम दाबतं आणि त्या दाबलेल्या जागेवर डफाची थाप पडते. ॲपवर तालीम केलेलं गाणं म्हणूनच सुरेल होतं आणि जागचं हलत नाही.

माझा हट्ट एवढाच आहे की लोकगीत शिकायचं तर पुढे गाणाऱ्यासमोर बसू नये. मागे जाऊन बसावं, तुणतुणं घेऊन झील, म्हणजे मागची साथ, धरणाऱ्या झीलकऱ्याशेजारी. तमाशात त्यालाच सुरत्या म्हणतात. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो, झीलकरी तिचं शेपूट उचलून ‘जी जी रं जी’ लांबवतो, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. घरी एकटं गाताना नवख्याचा दम कडव्याच्या मधोमध संपतो आणि त्याला वाटतं आपली छाती कमी पडते. छाती ठीक असते. ‘जी’ कमी असते. ती सोडून पाठ केलेला पोवाडा कुणाच्याच दमात बसायचा नाही. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, ही नावं आपल्याला तोंडपाठ. मागची झील कोण धरायचं, हे विचारून बघा.

शब्द उतरवून घेण्याचंही असंच. गाणाऱ्याला ‘जरा सावकाश सांगा, लिहून घेतो’ म्हटलं की गाडी अडलीच. जे गाणं तो झोपेतही गाईल, त्याची तिसरी ओळ त्याला बोलून आठवत नाही. ओळ चालीत ठेवलेली असते, चाल सुरू झाली की ती येते. त्यामुळे आधी विचारून सबंध गाणं न अडवता रेकॉर्ड करावं. मग दुसऱ्यांदा फक्त झील गायला सांगावी. लिहिताना ‘गं’, ‘रं’, ‘जी’, ‘बाई’ हे फालतू समजून गाळू नयेत. मात्रा त्यांच्यावर उभ्या असतात. ते गाळून वहीत सुबक केलेलं गाणं परत गायला घेतलं की लंगडतं. आणि बिदागी रेकॉर्डिंग झाल्यावर घासाघीस करून नव्हे, आधी ठरवून द्यावी.

जात्यावरच्या ओव्यांत हे आणखी उघड दिसतं. तिथे झीलही नाही, तुणतुणंही नाही, ठोका दगडाचा. दोघी जणी एका खुंट्याला धरून ओढतात, एकीची ओढ संपते तिथे दुसरीची सुरू होते, ओवी त्या फेऱ्यावर बसते. जातं बंद ठेवून ‘नुसती म्हणून दाखवा’ म्हटलं की तीच ओवी एकतर पळते, नाहीतर रेंगाळते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. त्यातल्या पाच-दहा ऐकल्या तरी लक्षात येतं की ओवी एकच असली तरी तिचा गळा, म्हणजे चाल, गावागणिक वेगळा. कागदावरून ओवी शिकता येते, गळा नाही.

आता कलावंतांना भेटायचं कधी? दसऱ्यापासून वैशाखापर्यंत तमाशाचे फड फिरतीवर असतात. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला त्यांच्या राहुट्या लागतात, पण तिथे गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी ठरवायला आलेले असतात, तुम्हाला कोण विचारतो? निवांतपणी बोलायला माणसं सापडतात ती पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात कातडं सर्द होतं. डफ, हलगी, दिमडी शेकून घ्यावी लागते, शेकलेली दहा मिनिटं बोलते आणि पुन्हा भद्‌भद् करायला लागते. तुणतुण्याचं कातडंही ढिलं पडतं, सूर खाली घसरतो. उन्हाळ्यात उलटं, कातडं आक्रसून सूर आपोआप चढतो. थोडक्यात, वाद्य सुकं असतं तेव्हा माणूस मोकळा नसतो, आणि माणूस मोकळा असतो तेव्हा वाद्य ओलं. यावर इलाज नाही. पावसाळ्यात जावं, शब्द आणि चाल घ्यावी, वाद्याचा आवाज उन्हाळ्यात गर्दीत उभं राहून ऐकावा.

राहता राहिला एक प्रश्न, कोण कुणाच्या सुराला लावतं हा. पेटी असेल तर वादच नाही, पेटीचा सूर हलत नाही, सगळे तिच्यामागे. पेटी नसेल तेव्हा ढोलकीवाला सांगतो, मी शाई, म्हणजे ढोलकीचं काळ्या थराचं तोंड, तुणतुण्याच्या सुराला लावतो. तुणतुणंवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, मी ढोलकीला लावतो. दोघंही खरंच सांगत असावेत.