शाडोचं नाणं

माझ्याकडच्या चांदीच्या नाण्यांत एक असं आहे की लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर ठेवलं तर घरच्यांच्या भुवया चढतील. ना लक्ष्मी, ना गणपती. एका बाजूला हातोडा, कर्कटक आणि भोवती धान्याच्या कणसांचा वेढा. हे पूर्व जर्मनीचं दहा मार्कांचं नाणं, १९८९ सालचं. बर्लिनचा शिल्पकार योहान गॉटफ्रीड शाडो याच्या २२५व्या जयंतीला काढलेलं. वजन १७ ग्रॅम, चांदी निम्मीच. सराफ नाक मुरडेल, पण १९४० नंतरच्या आपल्या राजाछाप रुपयातही चांदी निम्म्यावरच आली होती. पूर्व जर्मनीतली रोजची चिल्लर तर ॲल्युमिनियमची असे, त्यामुळे हे नाणं देऊन कोणी बटाटे घेतले असतील असं वाटत नाही.

मला गंमत वाटते ती त्या राजचिन्हाची. सरकारच्या हिशेबात हातोडा कामगारांचा, कर्कटक बुद्धिजीवींचं, कणसं शेतकऱ्यांची. पण हातोडा आणि कर्कटक एकाच माणसाच्या हातात पाहायचे तर शिल्पकाराकडेच जावं लागतं! शाडो तर शिंप्याचा मुलगा. मापं घेण्याची खोड घरातूनच आली असावी. सत्तरीत त्याने माणसाच्या शरीराच्या मापांवर अख्खा ग्रंथ काढला.

तरी त्याचं काम मोजूनमापून केलेलं वाटत नाही. लुईजा आणि फ्रेडरिका या दोन राजघराण्यातल्या बहिणींचं त्याचं संगमरवरी शिल्प बघा. एकमेकींना बिलगून उभ्या आहेत, अंगावर ग्रीक देवतांसारखी झुळझुळीत वस्त्रं, पण चेहरे ओळखीच्या मुलींचे. लुईजाच्या हनुवटीखालून एक रुमाल बांधलाय. मानेवरची सूज झाकायला, असं सांगतात. देवीला कधी सूज येते का? लुईजाच्या नवऱ्याला, म्हणजे राजालाच, हे शिल्प रुचलं नाही आणि ते बरीच वर्षं नजरेआड पडून राहिलं. राजाची आवड यथातथाच म्हणायची.

शाडोचं सगळ्यात गाजलेलं काम मात्र बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजावरचा चार घोड्यांचा रथ. तांब्याचे पत्रे ठोकून केलेला, १७९३ साली वर चढवलेला. १८०६ मध्ये नेपोलियनने तो उचलून पॅरिसला नेला, १८१४ मध्ये परत आला. दुसऱ्या महायुद्धात त्याची पार वाताहत झाली, एका घोड्याचं डोकं तेवढं वाचलं. पुढे बर्लिनचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, दरवाजा पूर्वेच्या हद्दीत आणि रथाचे प्लॅस्टरचे साचे पश्चिमेकडे. भांडता भांडता का होईना, पश्चिमेने नवा रथ घडवला, पूर्वेने दरवाजा दुरुस्त केला आणि १९५८ मध्ये घोडे पुन्हा वर गेले. तीन वर्षांनी दोन्ही भागांमध्ये बर्लिनची भिंत आली आणि दरवाजा सापडला बंदी असलेल्या पट्ट्यात.

म्हणजे १९८९ च्या मे महिन्यात शाडोची जयंती आली तेव्हा त्याच्याच गावातल्या माणसाला त्याच्या रथाखालून चालत जायची सोय नव्हती. सरकारने चांदीत त्याचा गौरव केला आणि दरवाजावर पहारा ठेवला. २२ डिसेंबरला दरवाजा उघडला. १ जुलै १९९० पासून पूर्व जर्मनीत पश्चिमेचा मार्क चालू झाला.

रथातल्या देवीच्या काठीवरचा गरुड आणि क्रॉस पूर्वेच्या सरकारने १९५८ मध्येच काढून टाकले होते, ते १९९१ मध्ये परत बसवले. त्यावरून वाद झालेच. मुळात ती जोडणीही शाडोची नव्हे, रथ पॅरिसहून आल्यावर शिंकेल नावाच्या वास्तुविशारदाने केलेली. शाडोला मध्यस्थीला बोलावलं असतं तर त्याने आधी काठीचं माप मागितलं असतं.